वेगळी पिपेट

"आधी नळाखाली धुवन हाड गो. मगे माका दी."

माझी जोडीदार म्हणाली. बागायतदाराची मुलगी. मी नुकतंच पिपेटने व्हिनेगर ओढून फ्लास्कमध्ये सोडलं होतं. पिपेट म्हणजे काचेची लांब नळी. ओढायचे रबरी फुगे आमच्या कॉलेजात कधीच फाटलेत, म्हणून सगळे तोंडानेच ओढतात. दोघींत एक नळी.

मी धुवून आणली. वाटलं, स्वच्छता. पण शेजारच्या टेबलावरच्या तिच्या मैत्रिणीने ओढलेली पिपेट हिने तशीच तोंडात घेतली, तेव्हा माझं डोकं फिरलं. विचारलं. तर अगदी गोड आवाजात, "वायट वाटान घेव नको. आमच्या घरात चलणा नाय."

मी कट्टा गावाजवळच्या बौद्धवाडीतली. एस्टीत माझ्या शेजारी बसलेलं हिला चालतं. माझ्या डब्यातली जांभळंही चालतात. नळी नाही.

व्हिनेगरमध्ये ॲसिड किती टक्के, ते काढायचं होतं. ब्युरेटमधून कॉस्टिक सोडा थेंब थेंब सोडायचा, फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचं. आमची रीडिंग जुळेनात. तिचं दर वेळी कमी. सर आले आणि कुणाचं चुकलं ते न विचारताच माझ्याकडे वळले.

"साधा रंग ओळखता येत नाही? सवलतीत ॲडमिशन मिळते, अक्कल मिळत नाही."

अख्खी लॅब हसली. तीसुद्धा.

रंगाची चूक नव्हतीच. नळाचं पाणी नळीच्या आत राहत होतं, त्यातच ती व्हिनेगर ओढत होती. ते पातळ होणारच. धुतल्यावर आधी थोड्या व्हिनेगरने नळी खळबळून घ्यायची, हे सरांनीच शिकवलं होतं. पण हिला घाई माझं तोंड धुऊन काढायची.

मी मोठ्याने म्हटलं, "सर, इथे दर वेळी माझं उष्टं धुतलं जातंय. त्या पाण्याने रीडिंग चुकतंय."

हसणं थांबलं. सरांना कळलं, चेहऱ्यावर दिसलं. वाटलं, आता तिला बोलतील. ते कपाटाकडे गेले आणि दुसरी पिपेट आणून माझ्यापुढे ठेवली.

"ही तुझी. वेगळी. आता वाद नको."

वेगळी! एवढा शिकलेला माणूस, आणि त्याला सुचलं काय, तर हे. वर चेहरा असा, की जणू उपकार केले.

मी ती परत सरकवली. "मला नको. दोघींना एकच पुरे."

"मग जर्नलवर सही होणार नाही. परीक्षेला बसता येणार नाही."

"नका करू."

घरी आई घाबरली. "सरांका सॉरी म्हण गो. वरीस फुकट जायत." तिचं खरं आहे. मला पुढे केमिस्ट्रीच करायची आहे, आणि सही त्या माणसाच्या हातात. नुसता जीव जळतो. प्राचार्यांकडे जाईन. त्यांनी झटकलं तर विद्यापीठात जाईन. सॉरी म्हणणार नाही.

सोमवारी पुन्हा लॅब आहे. टेबलावरची पिपेट मी उचलणार, तोंडाने ओढणार आणि तशीच तिच्या हातात देणार. नळाकडे मी जाणार नाही.