बर्फ पडू दे

"बर्फ पडू दे, मग सांगते," असं म्हणून ती रिकामा मग विसळायला उठायची. म्हणजे विषय संपला.

पार दक्षिण गोलार्धातल्या हॉर्नबीच्या क्लिनिकमध्ये ती नर्स, मी फार्मसिस्ट. ती कॅनडातल्या मोठ्या तळ्यांकाठची, तिथल्या मूळ रहिवाशांपैकी, अनिशिनाबे समाजातली. स्टाफरूममध्ये तिने स्वतः काढलेलं चित्र होतं: जाड काळ्या रेघांचा पक्षी, पोटात लाल-पिवळे गोळे, डोळ्यांतून निघणाऱ्या विजा. पहिल्याच दिवशी मी शहाणपणा केला, आमच्याकडेही असा गरुड असतो म्हणून. तिने समजावलं, हा गरुड नव्हे, हे गडगडाटाचे आजोबा. यांनी पंख हलवले की ढग गडगडतात आणि तळ्याच्या तळाशी राहणारा शिंगवाला वाघ गुमान बसतो. तो वाघही चित्रात खाली दबा धरून होता. दोघांचं भांडण नेमकं कशावरून, मी विचारलं. बर्फ पडू दे.

त्याचं असं, की या गोष्टी जमिनीवर बर्फ असतानाच सांगायच्या. एरवी आजोबा जागे असतात आणि आपल्याबद्दल कोण काय बोलतं ते ऐकतात. आता हॉर्नबीत बर्फ पडणार कधीतरी चुकूनमाकून. जुलैत, म्हणजे इथल्या ऐन थंडीत, मी दात वाजवत वाद घातला, की हा हिवाळाच आहे. तिने खिडकीतून हिरवंगार गवत दाखवलं.

ढग गडगडले की मात्र ती बाहेर जाऊन मागच्या झाडाच्या बुंध्याशी चिमूटभर तंबाखू ठेवायची. तो आजोबांचा मान. गंमत अशी, की पेशंटांची सिगारेट सोडवायचं काम तिच्याकडेच होतं. एकदा कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या वाण्याकडे, ती तंबाखू घेताना तिचाच पेशंट मागे उभा. "माझ्यासाठी नाही, आजोबांसाठी," ती म्हणाली. त्यानंतर तो भेटेल तेव्हा आजोबांच्या फुप्फुसांची चौकशी करायचा.

मग तिची आई आजारी पडली आणि मे महिन्यात ती कायमची परत निघाली. मी हट्टच धरला, अर्धी तरी सांग. मला गोष्ट हवी होती. खरं तर सांगणारीच हवी होती. तिने मला जवळ घेतलं, "बर्फ..." म्हणाली, आणि माझा रिकामा मग विसळायला गेली.

त्याच वर्षी जुलैत हॉर्नबीत बर्फ पडला. पांढऱ्याफेक पार्किंगचा फोटो पाठवून मी लिहिलं, आता सांग. उत्तरादाखल तिचा व्हॉइस मेसेज आला, त्यात आधी तिच्याकडचा नुसता गडगडाट. त्यामागून तिचा दबका आवाज: "अगं, इथे उन्हाळा. ऐकतायत ना ते. इथला बर्फ पडू दे."

मी तशीच डेअरीत गेले आणि तंबाखू मागितली. दुकानदाराने माझ्या फार्मसीच्या बिल्ल्याकडे पाहिलं.

"आजोबांसाठी," मी म्हटलं.