कंटेनरवर घातलेलं धाबं

माझा मोठा भाऊ रिटायर होणार म्हटल्यावर मी देवपूरच्या आमच्या घरातली मागची खोली त्याच्यासाठी रिकामी केली. नुसती रिकामी नाही, चुना मारून घेतला, खिडकीला जाळी बसवली, नवी गादी भरून आणली. वहिनीला जाऊन चार वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि पाटबंधारे खात्याचं क्वार्टर महिनाअखेर सोडायचं होतं. माणूस जाणार कुठे? माझ्याकडेच येणार, असं मी धरून चालले होते. त्यावर त्याचं पोस्टकार्ड आलं, की राहण्याची सोय झाली आहे, मुंबईहून घर मागवलं आहे, ट्रेलरवर येईल.

ते कार्ड वाचून आमचे हे पोट धरून हसले. मला हसू आलं नाही. मी भावाला लहानपणापासून ओळखत होते.

घर म्हणजे कंटेनर. बंदरावर ज्यातून माल उतरतो तो लोखंडी डबा, वीस फूट लांब, आठ फूट रुंद. नव्वदच्या दशकाची नुकती सुरुवात होती, आमच्याकडे तो कुणी पाहिलेलाही नव्हता. चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी भावानं कधीकाळी जमिनीचा एक तुकडा घेऊन ठेवला होता. जवळच डोंगरात गरम पाण्याचे झरे. थंडीत लोक तिथे आंघोळीला येतात आणि मुक्कामाला जागा नाही म्हणून संध्याकाळच्या एसटीनं परत जातात. त्यांना या डब्यात उतरवायचं, असा बेत. हा एक चालला की त्याला लागून दुसरा, मग तिसरा, जसे पाहुणे वाढतील तसे डबे वाढवायचे.

ओव्हरसीअर म्हणून त्याचा सगळा जन्म धरणांच्या साइटवर पत्र्याच्या केबिनीत गेलेला. पाया खणायला नको, विटा भाजायला नको, एक झाड तोडायला नको, आणि उद्या डबा उचलून नेला तरी खाली गवत पुन्हा उगवेल, असं तो ज्याला त्याला समजावत सुटायचा, एसटीतल्या शेजाऱ्यालाही. त्याचं म्हणणं मला खोडता येत नव्हतं. याचाच जास्त राग यायचा.

ट्रेलर नाल्यात रुतला, दोन ट्रॅक्टर लावून काढला, डबा उतरवताना अर्धं गाव बघायला जमलं. ते सगळं त्यानं मला चार पानी पत्रात कौतुकानं कळवलं. जणू मुलीचं लग्न पार पडलं. मग वेल्डर आणून लांबीच्या बाजूला दार कापलं, दोन खिडक्या कापल्या, त्यांना गज बसवले. डब्याची मूळची मोठी दारं कायमची बंद करून आतून त्यांना खाटा लावल्या.

खरं सांगायचं तर पहिला हिवाळा छान गेला. सुरतेचं एक जोडपं दोन दिवस राहून गेलं. भावानं त्यांना भरताची वांगी भाजून भरीत करून घातलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी शेजारच्या अक्कांकडून करून आणल्या, पहाटे झऱ्यावर नेलं. परत गेल्यावर त्यांनी आभाराचं पत्र पाठवलं. ते पत्र त्यानं मला तीन वेळा वाचून दाखवलं, तिन्ही वेळा पहिल्यांदाच दाखवतो आहे अशा थाटात. मागच्या खोलीचा विषय काढला की म्हणायचा, "बघू, सीझन संपू दे."

सीझन संपला आणि मे आला. मी शिकवायचे त्या शाळेला सुट्टी लागली तशी मी तिकडे गेले. आपल्याकडचा मे काय असतो तो सांगायला नको. दुपारी त्या डब्यात पाऊल ठेवलं आणि बाहेर आले. भिंतीला हात लागला तर चटका बसत होता. भाऊ मात्र ओला पंचा डोक्यावर घेऊन आत बसलेला, आणि म्हणतो कसा, "सवय होते."

माझं डोकं फिरलं. "भाऊ, या भट्टीत कोण येऊन राहणार आहे?" मी म्हटलं. "धरणगावकडचं आपलं धाब्याचं घर आठव. डोक्यावर वीतभर खारी माती होती म्हणून उन्हाळे निघाले. एवढी हौस आहे तर टाक याच्यावर माती आणि बस खाली."

मी रागानं बोलले होते, सल्ला म्हणून नव्हे. जन्मभर मी त्याला हजार गोष्टी सांगितल्या असतील, त्यानं एक ऐकली नाही. ही मात्र ऐकली.

जूनमध्ये पत्र आलं, की तू म्हणालीस तसं धाबं घातलं, आता आत बसवतं. कडुनिंबाचे डहाळे पसरून त्यावर खारी माती, वाहून जाऊ नये म्हणून चारी बाजूंनी फळ्यांचा काठ. मी ते पत्र वाचून कौतुकानं मान हलवली, हे कबूल करते. धाब्याच्या घराला खाली सागाचे सर, म्हणजे आडव्या तुळया, आणि खांब असतात, हे माझ्या डोक्यात आलं नाही. कंटेनर एकावर एक रचतात तेव्हा वजन चार कोपऱ्यांवर येतं आणि मधलं छत नुसता पत्रा असतं, हे मला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्याला ठाऊक होतं.

ऑगस्टमध्ये तिकडे पावसाची झड लागली. एका रविवारी मी सकाळची गाडी पकडून गेले, तर डब्याच्या खिडकीशी शेजारचे आबा छत्री धरून उभे, आणि त्यांच्या अक्का गजांतून आत भाकरी देत होत्या. आत माझा भाऊ. माती पाणी पिऊन जड झाली होती, छत मध्ये वाकलं होतं, आणि जिथे दार कापलं होतं तिथला वरचा पट्टा खाली बसून दार घट्ट अडकलं होतं. आदल्या दुपारपासून तो आत होता, पावसात ते कुणाला कळलं ते त्या सकाळीच. मला पाहून म्हणाला, "बाई, भिजू नको, झाडाखाली थांब."

"मास्तरीनबाई, बठ्ठा गावनी सांगं भाऊले," आबा म्हणाले. माती टाकतानाच साऱ्या गावानं त्याला बजावलं होतं. "हाई पेटी शे, घर नही. पेटीवर इतली माती टाकतस का? थांबा, मी पहार लई येस."

आबा आणि दोघे जण वर चढून फावड्यानं चिखल खाली ओढू लागले. मी खिडकीशी उभी राहून तोंडाला येईल ते बोलत होते. "तू ओव्हरसीअर ना? पत्र्यावर किती भार चालतो हे तुला कळू नये?"

"कळत होतं," तो म्हणाला.

"मग?"

"तू पहिल्यांदाच या घराबद्दल काही सुचवलंस. नाही कसं म्हणू?"

मी आणखी चिडले आणि वरच्या माणसांना हात उचला म्हणून ओरडले.

पहारीनं दार निघालं. भाऊ बाहेर आला, पाय आखडलेले, दाढीचे खुंट उगवलेले. आबांनी छताकडे पाहून सांगितलं, की पत्रा ठोकून सरळ होईल. "वर खांब रोईसन मांडव घाला, मधमा वारा जाऊ द्या. दिवाळीलोंग ठीक व्हई जाई." भावानं माझ्याकडे पाहिलं. आपल्या डब्यासाठी त्यानं माझी परवानगी मागावी, असं तोवर कधी घडलं नव्हतं.

मी म्हटलं, "आता पुरे झालं. सामान भर."

तो वाद घालेल म्हणून मी पदर खोचून तयार होते. त्यानं ट्रंक भरली, किल्ली आबांच्या हातात दिली आणि माझ्याबरोबर एसटीत बसला.

त्या हिवाळ्यात सुरतेच्या जोडप्याचं पत्र फिरत फिरत देवपूरच्या पत्त्यावर आलं. यंदा आम्ही चौघं येतो, काका, भरीत करून ठेवा. उत्तर मीच लिहिलं, की ती सोय आता बंद झाली आहे. भाऊ ओसरीवर पेपर वाचत बसला होता. पत्र टाकून आलीस का, एवढंच त्यानं विचारलं.

सात वर्षं तो आमच्याकडे राहिला. तक्रार नाही, कटकट नाही. पण पंखा लावायचा तर "बाई, पंखा लावू का?" आंघोळीला जायचं तर "आता गेलो तर चालेल ना?" शेजारचा कुणी त्याला भेटायला आला तर त्याला दारात उभं करून आधी मला विचारायला आत यायचा. मी वैतागून जायचे. म्हणायचे, "अरे, विचारतोस काय सारखा? हे घर तुझंच आहे." तो "बरं" म्हणायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचा.