साइट दादाच्या नावावर

बेलापुरात मी बायकांना इंटरनेट शिकवते. पुस्तकात पहिला धडा ब्राउझरचा असतो. मी तो नंतर घेते. आधी विचारते, खातं कुणाच्या नावावर उघडलंय, मोबाईल नंबर कुणाचा दिलाय? बहुतेकींचं उत्तर येतं, "ह्यांचा." मग माझं डोकं फिरतं आणि त्या बिचाऱ्या माझ्या तोंडाकडं बघत बसतात.

देवळाली प्रवरा माझं माहेर. ऊस कारखान्याला जायचा, पण आमचं छोटं गुऱ्हाळही होतं. नगरला कॉम्प्युटरचा कोर्स करून आले आणि आमच्या गुळाची वेबसाइट करायचं मनात घेतलं. दादाला ओट्यावर बसवून एकेक शब्द समजावला. वेबसाइट म्हणजे आपलं इंटरनेटवरचं दुकान. डोमेन म्हणजे त्या दुकानाचं नाव, ते नोंदवून घ्यावं लागतं. होस्टिंग म्हणजे भाड्याची जागा. आपले फोटो, मजकूर तिथल्या सर्व्हरवर, म्हणजे कायम चालू असलेल्या मोठ्या कॉम्प्युटरवर राहतात. लोक ते आपल्या मोबाईलच्या ब्राउझरमधून बघतात. आणि दुकानाची किल्ली ज्याच्या हातात, तो ॲडमिन. दादा जांभया देत "हां, हां" करत होता.

मी नोंदणी करत होते, तेवढ्यात आई चहा घेऊन आली. कुणाच्या नावावर करतेस, असं तिनं विचारलं. माझ्याच, मी म्हटलं.

"दादाच्या कर. उद्या तू सासरी गेलीस म्हंजी सोयऱ्यांच्या दारात जायचं का आमी?"

आमच्याकडं शेत, विहीर, गाडी, अगदी गॅसचं कनेक्शनसुद्धा पुरुषाच्या नावावर. आत्यांनी जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सह्या केल्या तेव्हा त्यांना निदान साड्या तरी नेसवल्या होत्या. मला तेवढंही नाही. दादाचं नाव पडलं, दादाचाच मोबाईल नंबर पडला.

लग्नानंतरही साइट मीच चालवली. भाव बदलायचे, फोटो टाकायचे, कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायचं. आत शिरायचा ओटीपी दादाच्या मोबाईलवर जायचा, तो उसाला पाणी देत असला तरी आकडे वाचून दाखवायचा. गुळाला लांबलांबचं गिऱ्हाईक लागलं, तशी वहिनीच्या भावाला साइटची गोडी लागली. आयत्या बिळावर नागोबा. एका सकाळी माझा पासवर्ड चालेना. नवा मागितला, तर ओटीपी गेला दादाकडं. मी फोन केला.

"मेव्हणा बघतोय आता," दादा म्हणाला. "तू कशाला डोक्याला ताप करून घेतीस? तुला तुझा संसार हाय."

मी साइट उघडली, कुठल्याही गिऱ्हाइकानं उघडावी तशी. शब्द न शब्द माझाच होता. 'आमच्याविषयी' या पानावर रस आटवायच्या काहिलीपुढं आई, दादा, वहिनी आणि मी असे चौघं उभे असलेला फोटो होता, त्यातून मला कापलं होतं. आईच्या खांद्यावरचा माझा हात तेवढा राहिला होता. तो काढायचा तर आईलाच कापावं लागलं असतं. त्या दिवशी माझ्या हातून सगळ्या भाकरी करपल्या.

भाऊबीजेला गेले. दादाला ओवाळलं. साइटचा विषय ना त्यानं काढला, ना मी. आईला मात्र ती कौतुकानं दाखवायची होती. तिनं मोबाईल पुढं धरला, फोटो बोटांनी मोठा केला आणि थांबली.

"ह्यो हात तुझा न्हवं? मग तू कुठं गेलीस गं?"

ॲडमिननं काढून टाकलं, मी म्हटलं.

"ॲडमिन म्हंजी कोन?"

"ज्याच्या नावावर असतं तो."

आईनं त्या हातावरून अंगठा फिरवला. दादाचा आला नव्हता इतका राग मला त्या क्षणी तिचा आला, आणि तरी वाटत होतं, आता ती काहीतरी बोलेल, दादाला हाक मारेल.

"मग बरोबर हाय त्याचं," ती म्हणाली. मोबाईल पालथा ठेवला आणि पाहुण्यांना देतात तसं फराळाचं ताट माझ्यापुढं सरकवलं.