चिंधी बांधलेलं वांगं

माझ्या मामेसासऱ्यांइतका वांग्यांसाठी जगलेला माणूस उभ्या बुलढाणा जिल्ह्यात सापडायचा नाही. डोणगावात घरामागे त्यांचा वाफा होता आणि त्यातलं बी त्यांच्या आईनं जपून ठेवलेलं. थंडीत वांगी भरात आली की मामा लांबट फोडी करायचे, मिठाचं पाणी लावून गच्चीवर वाळत घालायचे आणि राखणीला स्वतः छत्री घेऊन बसायचे. फोड वाळली की नाही, हे ती कानाजवळ मोडून ठरवायचं. एकदा माझी बायको म्हणाली, "वाळल्या की मामा आता!" तर तिच्यावर खेकसले, "तुले काय समजते वं? वाजली कुठं अजून?" उन्हाळ्यात दाण्याचं कूट घालून त्याच फोडींची भाजी व्हायची आणि आम्ही भाकरीवर भाकरी उडवायचो. बी मात्र ते कोणालाच द्यायचे नाहीत. मागणाऱ्याच्या हातावर मूठभर वाळल्या फोडी ठेवून, चहा पाजून, वाटेला लावायचे.

आणि मी काय करावं! गेल्या माघात मामा-मामी चार दिवस लेकीकडे खामगावला गेले. झाडांना पाणी घालायला मी. बहर संपून वांगी सगळी तोडून झालेली, एकच टपोरं जांभळं वांगं देठाला लाल चिंधी बांधून लटकत होतं. नजर लागू नये म्हणून बांधली असेल, असं समजून मी ती सोडली, वांगं चुलीत भाजलं आणि मस्त भरीत हाणलं. ते बियाण्याला राखलेलं होतं. डब्यातलं जुनं बी तर मामांनी सगळं पेरून टाकलेलं.

परतल्यावर मामा आधी वाफ्यापाशी गेले, आणि मी भरताचं सांगून टाकलं. दुसरा कोणी असता तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता. पण जावयाला बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. "होते असं, जवाईबापू," एवढंच म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यांनी वाळल्या फोडी भिजवल्या, त्यातलं एकेक बी सुईनं काढलं आणि पेरलं. कोवळ्या वांग्याचं बी उगवत नाही, हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. तरी महिनाभर रोज सकाळी वाफ्यावर वाकून बघायचे. काही म्हणजे काही उगवलं नाही.

वैशाखात मामींनी डब्यातल्या उरलेल्या फोडींची भाजी केली. जेवता जेवता मामा थांबले.

"जवाईबापू, एक इचारू? थ्या वांग्याचं भरीत कसं झालं होतं?"

मी मान खाली घालून खरं तेच सांगितलं, "मामा, इतकं गोड भरीत मी जन्मात खाल्लं नाही."

"हाव," ते म्हणाले. "माय म्हणे, त्याले तेलबी लागत नाही."

मग पातेल्यात राहिलेली भाजी त्यांनी सगळी माझ्या ताटात वाढायला लावली.