बिननावाचं हँडबिल

नरहर गद्र्यांनी जबलपुरात एकतीस वर्षांत सव्वीस मराठी नाटकं बसवली. एकाही हँडबिलावर त्यांचं नाव नाही. दुसऱ्या कोणाचंही नाही. नाटकाचं नाव, दिवस, वेळ आणि मंडळाचं सभागृह, एवढंच. पडदा पडला की सगळे एका रांगेत उभे राहत. कोणाची ओळख करून दिली जात नसे. नरहरकाका रांगेत सगळ्यात शेवटी, विंगेला चिकटून.

हा नियम पहिल्याच वर्षी झाला. बँकेत बदली होऊन आलेले एक साहेब तेव्हा नायकाचं काम करत होते. हँडबिलावर आपलं नाव दुसऱ्या ओळीत आलेलं पाहून ते प्रयोगाच्या दोन दिवस आधी रुसून घरी बसले. त्यांचं काम काकांनी स्वतः केलं, आणि सगळी हँडबिलं चुलीत घालून नवी, बिननावाची छापून घेतली. तेव्हापासून नाव बंद. नाटक कोणा एकाचं नसतं, असं ते म्हणत. पुढे पुढे ते जरा मोठ्यानेच म्हणू लागले. ऐकणारा मान डोलावतो की नाही, तेही बघू लागले.

नोकरी त्यांची फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये होती. तिथे त्यांच्या सहीशिवाय एक बोल्ट हलत नसे. सही स्वच्छ, पूर्ण नावाची. संध्याकाळी सभागृहाचं कुलूप उघडलं की तो माणूस बाहेर राहायचा.

यंदा इथल्या मराठी लोकांच्या मंडळात नवी कार्यकारिणी आली. दिवाकरराव शेवडे अध्यक्ष झाले. सराफ्यात त्यांचं तीन पिढ्यांचं दुकान. पहिल्याच बैठकीत ठरलं की सभागृह लग्नांना द्यायचं. तालमींना फुकट जागा गुढीपाडव्यापर्यंत. त्यानंतर दरमहा भाडं भरा, नाहीतर चावी परत करा.

भाडं नटमंडळींना झेपणारं नव्हतं. चौदा जण होते. निम्मे बदलीचे, दोनतीन वर्षांत जाणारे. प्रथमेश तर बँकेच्या कुंडम शाखेत होता. बसने येऊन तालमीचा शेवटचा तास तेवढा गाठायचा. बाकीची इथलीच मुलं. त्यांना मराठी कळायची, बोलताना ‘ळ’चा ‘ल’ व्हायचा. काकांच्या घरी दोन खोल्या. सभागृह गेलं की नाटक गेलं, हे कोणी कोणाला सांगायची गरज नव्हती.

अनुदानाची जाहिरात चिन्मयीला सापडली. ती प्रॉम्प्टिंग करायची. दिल्लीहून नाट्यसंस्थांना मदत मिळत होती. गुरूला मानधन, शिष्यांना मानधन, तालमीच्या जागेचं भाडं. काकांनी आधी नाक मुरडलं. सरकारी पैशावर नाटक करायचं तर सरकारी गणवेश घाला म्हणाले. मग भाड्याची ओळ पुन्हा वाचून घेतली.

काकांच्या नाट्यसंस्थेची वेगळी नोंदणी होती. बाकीचे कागदही जमले. मग यादीतली सातवी मागणी आली. गुरूच्या कामाचा पुरावा, त्याच्या नावासह.

काकांनी ट्रंक उघडली. सव्वीस हँडबिलं एकेका प्लास्टिकच्या पिशवीत होती. चिन्मयीने ती जमिनीवर मांडली. दोन रांगा झाल्या.

"काका, यात तुम्ही कुठे आहात?"

"सगळ्यात आहे."

"दिसत नाही."

"तुला दिसत नाही काय? तू तर तिथंच असते."

"मला दिसून काय उपयोग? भोपाळला समिती बसणार आहे. तिला दिसलं पाहिजे."

मग वर्तमानपत्रांची कात्रणं काढली. सगळी हिंदी. मराठी समाजाने नाटक सादर केलं, अमुक यांनी दीप प्रज्वलित केला, तमुक यांनी आभार मानले. एका बातमीत तर गुलदस्ता देणाऱ्या मुलीचंही नाव होतं. दिग्दर्शक कोण, ते कुठेच नव्हतं. वार्ताहर विचारायचे. काका म्हणायचे, लिखो, मंडली. ते तसं लिहून घ्यायचे आणि दीपप्रज्वलनाकडे वळायचे.

 चिन्मयीने हँडबिलं पुन्हा पिशव्यांत भरली. काकांना तिचं न बोलणं आवडलं नाही.

मंडळाचं पत्र चालेल असं अर्जात बारीक अक्षरात लिहिलं होतं. अध्यक्षांनी लिहून द्यायचं की इतकी नाटकं या माणसाने बसवली. काका सराफ्यात गेले. दिवाकरराव गादीवर बसून एका बाईला पाटल्या दाखवत होते. त्यांनी काकांना अर्धा तास बाकावर बसवून ठेवलं. बाई उठून गेली तरी पाटल्या आवरत बसले. मग म्हणाले, कागद दाखव, त्यावरून लिहितो.

"कागद असता तर तुमच्याकडे काहून आलो असतो, दिवाकरराव? तुम्ही स्वतः बघितलं आहे. पहिल्या रांगेत बसून."

"बघितलं. शरयूच्या शेजारी बसून बघितलं."

शरयू त्यांची बायको. अकरा वर्षं तिने नाटकाचे कपडे शिवले होते. जरीचे गोट लावले, काढले, पुन्हा लावले. सात वर्षांपूर्वी ती गेली. त्या वर्षीच्या हँडबिलावर तिच्या स्मरणार्थ एक ओळ टाक, असं दिवाकररावांनी सांगून पाहिलं होतं. काका सुतकात त्यांच्या घरी भेटायला गेले होते, तेव्हा. काकांनी त्यांना नियम ऐकवला होता.

"एक ओळ मागितली होती, नरहर. तू मला तत्त्वज्ञान सांगून राहिला होता. माझ्या बैठकीत."

 काकांना ती संध्याकाळ आठवली. आपण किती नीट, किती मुद्देसूद बोललो होतो, तेही आठवलं. चहा तसाच सोडून आलो होतो.

दिवाकररावांनी पत्र दिलं. मंडळाच्या लेटरहेडवर, दोन ओळींचं. श्री. नरहर गद्रे हे मंडळाचे जुने सभासद असून त्यांची वर्गणी नियमित आहे.

चिन्मयीने ते पत्रही जोडलं. सोबत ‘मोजणीदार’ नाटकाचा एक फोटो जोडला. नऊ वर्षांपूर्वीचा, प्रयोगानंतरच्या रांगेचा. मधोमध अनुपम देव, खांद्यावर मोजणीची साखळी. अगदी टोकाला काका. अर्धे फोटोत, अर्धे बाहेर. दुसरा फोटो नव्हता.

अनुपम इथलाच. बारा वर्षांचा असताना आई त्याला सोडून गेली होती, म्हणजे तालमीला सोडून घरी गेली होती, आणि तो दारात रडत बसला होता. काकांनी त्याला चौकटीत उभं करून ‘बाळ, काळ, जाळ, माळ’ म्हणायला लावलं. तीन महिने रोज. एकोणिसाव्या वर्षी तो मोजणीदार झाला आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवत उभं राहिलं. त्यानंतर त्याला दिल्लीच्या नाट्यविद्यालयात अर्ज करायचा होता. कामाचा पुरावा पाहिजे होता. त्याने काकांना विनवलं की दुसऱ्या प्रयोगाच्या हँडबिलावर फक्त एकदा नाव छापा. तालीम चालू होती. सगळे ऐकत होते.

काका म्हणाले होते, "कागद तहसिलीत मिळतो. इथे नाटक मिळतं."

सगळे हसले होते. अनुपमही हसला होता. मग तो आला नाही. पुढे त्याने स्वतःची संस्था काढली, हिंदी नाटकं केली. शहरात त्याचे बॅनर लागायचे. त्यावर नाटकाच्या नावापेक्षा त्याचं नाव मोठं असायचं. काका ते बॅनर बघून मुलांना दाखवायचे आणि म्हणायचे, बघा, हे असं होतं.

भोपाळला काका सकाळच्या गाडीने गेले. चिन्मयी सोबत होती. समितीच्या खोलीबाहेर बाकावर अनुपम बसला होता, मांडीवर जाड फाइल. त्यानेही अर्ज केला होता. त्याने उठून वाकून नमस्कार केला. काकांनी पाय मागे घेतले.

काकांना आत बोलावलं. पाच मिनिटांनी अनुपमलाही बोलावलं. टेबलावर दोन फाइली उघड्या होत्या आणि दोन्हींत एकच फोटो होता. अनुपमच्या प्रतीत रांग एका माणसाने लहान होती. खाली छापलं होतं, मोजणीदार, निर्देशन : अनुपम देव.

समितीच्या बाईंनी विचारलं की हे नाटक नेमकं कोणी दिग्दर्शित केलं. काका म्हणाले, मैंने. बाई म्हणाल्या, कोई काग़ज़? काका म्हणाले, ते मराठीत होतं, सगळ्यांना माहीत आहे. बाईंनी सगळे म्हणजे कोण ते विचारलं. काकांना नावं आठवली. एक रायपूरला, एक इंदूरला, एक पुण्यात, दोघं वारलेले.

मग बाईंनी अनुपमकडे पाहिलं. त्याने एकदाही काकांकडे न बघता उत्तर दिलं.

"सर, मैडम, वहाँ सब मिलकर करते थे। नाटक किसी एक का नहीं होता था। गद्रे जी का ख़ुद का नियम था। पूछ लीजिए इनसे।"

बाईंनी विचारलं.

"था," काका म्हणाले.

शब्द न् शब्द खरा होता. त्यात कुठे बोट ठेवावं ते त्यांना कळेना. आयुष्यभर जे वाक्य ते दुसऱ्यांना ऐकवत आले, ते कोणीतरी इतकं पाठ केलं होतं. बाई काहीतरी लिहीत होत्या. त्या खोलीत, टेबलाच्या कडेकडे बघत, काकांच्या मनात पहिल्यांदा आलं की एक ओळ असती तर. तळाशी, अगदी बारीक टाइपात असती तरी चाललं असतं.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी अनुपमला गाठलं. आवाज चढला. शिपाई बघू लागले. काका त्याला चोर म्हणाले, कृतघ्न म्हणाले, बारा वर्षांचा होता तेव्हाचं सगळं काढलं. अनुपम ऐकत उभा राहिला. फाइलची नाडी बांधत होता. ती बांधून झाली. आत हिंदीत बोलला होता, आता मराठीत बोलला, हळू.

"काका, कागद तहसिलीत मिळतो."

‘ळ’ स्वच्छ होता.

परतीच्या गाडीत चिन्मयीने विचारलं, तो काय म्हणाला. काका म्हणाले, काही नाही.

निकाल फेब्रुवारीत लागला. अनुपमच्या संस्थेचं नाव यादीत होतं. काकांच्या संस्थेपुढे लिहिलं होतं, पुराव्याअभावी अपात्र. पाडव्याला महिना उरला होता. काकांनी ठरवलं की सभागृह सोडण्याआधी एक शेवटचा प्रयोग करायचा. मोजणीदारच. प्रथमेशला साखळी दिली.

हँडबिलाचा मजकूर चिन्मयी गोहलपूरच्या प्रेसमध्ये देऊन आली. गठ्ठा आणायला काका तिच्यासोबत गेले. प्रेसवाल्याने वरचं पान काढून पुढे केलं. नाटकाचं नाव, दिवस, वेळ, सभागृह. त्याखाली एक ओळ जास्त होती. दिग्दर्शक : नरहर गद्रे.

काकांनी ते पान उजेडात धरलं. बराच वेळ धरलं. शाईचा वास येत होता.

"हे तुझं काम?"

"हो."

"तुला काय वाटलं, मला नाव पाहिजे होतं?"

"हो," चिन्मयी म्हणाली.

तिने नजर हटवली नाही. प्रेसवाला एकदा तिच्याकडे, एकदा काकांकडे पाहू लागला.  भोपाळच्या त्या खोलीत तर ती नव्हती. मग हिला कळलं कसं, एवढंच काकांच्या डोक्यात फिरत राहिलं. तिच्याशी खोटं बोलता येईना आणि खरंही सांगता येईना. त्यांनी पान गठ्ठ्यावर ठेवलं आणि कटिंग मशीनकडे बोट केलं.

"भैया, नीचे से एक उँगल काट दो।"

"पूरे तीन सौ?"

"पूरे।"

पातं चार वेळा खाली आलं. नावाच्या पट्ट्या पत्र्याच्या डब्यात पडल्या. हँडबिलं बोटभर आखूड झाली. काकांनी ती काखेत मारली आणि चिन्मयीला सांगितलं की उद्यापासून तालमीला यायचं नाही, प्रॉम्प्टिंग मी बघून घेईन. तिने पिशवी उचलली आणि गेली.

प्रयोगाला साठेक माणसं होती. प्रथमेश दोनदा अडखळला. विंगेतून काकांनी वाक्य दिलं, पण अंधारात चष्म्यातून नीट दिसत नव्हतं म्हणून एक ओळ पुढचीच दिली. पडदा पडला. रांग उभी राहिली. काका टोकाला. कोणाची ओळख करून दिली नाही. चिन्मयी आली नव्हती. अनुपम आला होता. मागे उभा राहून त्याने टाळ्या वाजवल्या, आणि दिवे लागायच्या आत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी काका सभागृहाची चावी द्यायला गेले. मंडळाच्या कचेरीत दिवाकरराव एकटेच होते. त्यांनी चावी घेतली, बोर्डावर अडकवली आणि रजिस्टर पुढे सरकवलं. एकतीस वर्षांत चावीची नोंद कधी झाली नव्हती. काका घरातल्यासारखी घेऊन जात. आता नवी कार्यकारिणी होती. चावी परत केली, तारीख, परत करणाऱ्याचं नाव, असे तीन रकाने होते.

"सही नको. पूर्ण नाव लिही," दिवाकरराव म्हणाले. "वाचता आलं पाहिजे."

काकांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं. स्टोअरमध्ये लिहायचे तसंच, ठसठशीत अक्षरात, त्यांनी नाव लिहिलं. दिवाकररावांनी ते वाचलं आणि रजिस्टर मिटलं.