तिसरं पाणी

सत्त्याऐंशीच्या दुष्काळात मी सिरसाळ्याजवळच्या आमच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी होतो. दुधात तेजाब घालून फॅट मोजायला गहिनीनाथ होता. तेजाबानं खराब झालेल्या काचेच्या नळ्या तो तीनदा धुवायचा आन दर खेपी पाणी मोरीत ओतायचा. बाहेर बाया टँकरची वाट बघत घागरी मांडून बसलेल्या. एक दिवस माझं डोकं सटकलं. त्यांच्यादेखत म्हणालो, "तुला लाजबीज हाय का न्हाई बे? शेवटचं पाणी तरी ठेव की दुसऱ्या नळ्यांना."

तो हळूच म्हणाला, "तेच केलतं एकदा, बद्रीनाथराव. त्याचीच लाज हाय."

मग मला आत बसवून त्यानं सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात तो पुण्यात एका प्रयोगशाळेत शिपाई होता. पृथ्वीवर जीव नव्हता तवा जीवाचा कच्चा माल आला कुठून, हे तिथल्या शिवकन्या मॅडम शोधायच्या. साधी रसायनं पाण्यात कालवून नळीत भरायची, तोंड वितळवून बंद करायचं, शिशाच्या भिंतीआड त्यावर किरणं सोडायची. त्यातून प्रथिनांचे तुकडे आपोआप तयार झाले, तर त्याचा थेंब कागदावर टाकून औषध मारलं की जांभळा डाग उठायचा. पण बोटाच्या घामानंही तसाच डाग उठतो. म्हणून नळ्या तीनदा शुद्ध पाण्यानं धुवायच्या आन पाणी फेकून द्यायचं.

इकडं गावात त्याची माय, केशरबाई, दोन कोसांवरून घागर आणत होती. याच्यानं पाणी फेकवेना. तिसरं पाणी तो बादलीत साठवायचा आन पुढच्या नळ्या त्यातच हात घालून धुवायचा.

डाग लई झकास उठले. मॅडमनी पेढे वाटले. "तीनदा धुतल्या ना, गहिनीनाथ?" यानं पेढा खात मान हलवली.

पुढं दुसऱ्या प्रयोगशाळांनी तेच करून बघितलं, तर डागच न्हाई. शास्त्रज्ञांच्या भरल्या सभेत एकानं विचारलं, नळ्या धुतल्या कुणी? गहिनीनाथ मागं भिंतीला टेकून उभा होता. मॅडमनी एकदा त्याच्याकडं बघितलं आन म्हणाल्या, "मीच." त्यानंतर त्यांचं ते काम बंदच पडलं.

"हात वर करायचा होता," तो म्हणाला. "न्हाई केला. पंधरा वर्षं झाली."

तो उठून परत नळ्या धुवायला लागला. मी बाहेर आलो, तर बायांतल्या रुक्मिणीबाईनं घागरीपासूनच विचारलं, "सेक्रेटरी, त्यो अजून पाणी ओततोय. कुणी सांगितलं त्याला?"

"मीच," मी म्हणालो.

आत नळ्यांचा आवाज थांबला. मघाशी बायांदेखत त्याची लाज काढणारा मी, आता मलाच आत जायची लाज वाटली.