सात कांड्यांची बोली

माझ्या मुलीच्या दहावीसाठी मी पोकर शिकलो.

हे वाक्य मी पालकसभेत बोललो असतो तर प्राचीच्या बाईंनी मला वर्गाबाहेर उभं केलं असतं. पण त्या वर्षी आमच्या कामतघर गावात दुपारी आणि पुन्हा संध्याकाळी वीज जायची, आणि आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, इन्व्हर्टर आणला तो एकच. एका अंगणात घरं तीन: आबांचं, दादाचं आणि माझं. आबांना त्यावर खाटेवरचा पंखा हवा होता. वहिनींना फ्रिज हवा होता (आत आठवड्याची कोलंबी असायची, म्हणजे त्यांचंही चुकत नव्हतं). आणि माझी प्राची मेणबत्तीखाली प्रमेयं पाठ करता करता केसांची एक बट जाळून बसली होती. काहीही झालं तरी तो इन्व्हर्टर माझ्या घरात आणायचा, असं मी ठरवलं.

"पत्त्यांवर ठरवू," आबा म्हणाले.

तीन पत्तीत आबांना कुणी हरवल्याचं अख्ख्या कामतघरात कुणाला आठवत नाही. म्हणून मी अट घातली, "तीन पत्ती नको. पोकर खेळू. डोक्याचा खेळ आहे."

"बरं," आबा म्हणाले. "तुज्याकडं डोकं हाय, आमच्याकडं रिकामा वेल हाय."

मग मी धामणकर नाक्यावरच्या सायबर कॅफेत महिनाभर जाऊन बसलो. खेळ अर्ध्या तासात कळला. प्रत्येकाला दोन पानं लपवून, मध्ये पाच उघडी, त्यांतून ज्याचा संच भारी तो जिंकला. खरी गोम पुढेच होती. भारी पानं आली की लावायचं किती? कमी लावलं तर हाती काही येत नाही, जास्त लावलं तर सगळे पळतात! छोट्या स्पर्धेत तर अशी पानं येणार मोजून चार वेळा. त्या चारांचं सोनं करायचं, या निर्धाराने मी दोनशे पानी वही भरली.

"दहावी पोरीची आहे की तुमची?" सुषमाने विचारलं. ही माझी बायको.

मी मान वर न करता तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटलो आणि वही लपवली.

शुक्रवारी लूमला, म्हणजे गावच्या यंत्रमागांना, सुट्टी. जेवणं झाल्यावर आबांच्या पडवीत चटई पडली. खेळणारे चौघे: आबा, दादा, वहिनी आणि मी. सुषमा लसूण सोलत समोर बसली. पैशांऐवजी लूमच्या रिकाम्या कांड्या, म्हणजे सूत गुंडाळायच्या नळ्या, घेतल्या, प्रत्येकाला तीस. शेवटी ज्याच्याकडे कांड्या, त्याच्याकडे इन्व्हर्टर.

पहिल्याच डावात मला दोन एक्के आले! वहीत लिहिलं होतं, पाखरं उडू द्यायची नाहीत. मी मोजून दोन कांड्या सरकवल्या.

"पॅक," आबा म्हणाले आणि पानं खाली टाकली.

"पॅक," दादा म्हणाला.

"माझं तर पानच न्हाय, भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

योगायोग असेल. थोड्या वेळाने दोन राजे आले. या वेळी उलट चाल खेळलो. एकदम दहा लावल्या, म्हणजे सगळ्यांना वाटेल हा थाप मारतोय. तिघांनी पानं टाकली. तिसऱ्यांदा तर मी काहीच लावलं नाही, नुसता कंटाळल्यासारखा बसलो. त्यांनीही लावलं नाही! आणि हाती काही नसताना मी जोरात बारा कांड्या लावल्या, तेव्हा आबांनी बारा टाकून शांतपणे उचलून नेल्या.

चेहऱ्यावरून ओळखत असतील, म्हणून मी दादाचा काळा गॉगल मागून घेतला.

"पडवीत ऊन लागतंय का रे?" दादा म्हणाला.

गॉगल लावूनही तेच. सुषमा मात्र सारखी तोंडावर हात ठेवत होती. मला वाटलं, हसतेय. बायकोच हसायला लागली तर माणसाने कुणाच्या तोंडाकडे बघायचं? मी आणखी हट्टाला पेटलो.

इतक्यात शेजारच्यांनी तव्यावर मिरच्या टाकल्या. असा ठसका आला, की मी नाकातोंडावर रुमाल बांधला. नेमका त्याच डावात मला तीन दश्श्या जमल्या. मी सात कांड्या लावल्या आणि चमत्कार झाला. निम्म्या कांड्या आधीच आबांकडे घालवून बसलेला दादा आला, तशाच वहिनी आल्या, दोघांनी उरलेल्या सगळ्या चढवल्या. दोघंही साफ झाले!

मला साक्षात्कार झाला. सात! दोन कमी, दहा जास्त, सात बरोबर! महिनाभर शोधत होतो तो आकडा सापडला होता. मी रुमाल सोडून खिशात घातला.

"अहो, तो रुमाल राहू द्या," सुषमा म्हणाली.

"तुला पत्त्यांतलं कळतं का काही?" मी म्हणालो.

ती पुन्हा लसूण सोलायला लागली.

आता फक्त आबा आणि मी. हातात दोन राण्या, मध्ये आणखी दोन राण्या. अशी पानं माणसाला जन्मात एकदा येतात. मी सात कांड्या पुढे केल्या. आबांनी माझ्याकडे मायेनं पाहिलं.

"पॅक."

त्यानंतर अर्ध्या तासात आबांनी माझ्या सगळ्या कांड्या नेल्या. शेवटची गेली तेव्हा मला खरोखर वाईट वाटलं. प्राचीला काय सांगू, एवढंच डोक्यात होतं.

"आबा, एक सांगा. तुम्हाला माझी पानं कळत कशी होती?"

"तूच सांगत व्हतास की."

"मी? मी तर तोंडातून आवाज काढला नाही!"

"अवाज कशाला पायजे? ओठ हालतान ना तुजे. 'चार राण्या, आता सात.' तीस वर्सं लूमवर काडली मी. त्या खटखटीत कानानं कोनाला आयकू येतंय? सगला कारखाना ओठच बगतो."

दादा लूमवर वाढलेला. वहिनींनी माहेरी कांड्या भरल्या होत्या. मी तेवढा शिकावा म्हणून आबांनी मला कारखान्यात पाऊल टाकू दिलं नव्हतं. पाठांतर करून करून मला ओठ हलवायची सवय लागली, ती कायमची.

"आमाला वाटलं," आबा म्हणाले, "शिकलेल्यांच्या खेलात सांगूनच लावतान."

इन्व्हर्टर आबांकडेच लागला. मात्र त्यांनी लगेच हाक मारून सांगितलं, "प्राचीला इकडं अभ्यासाला पाठव. पंख्याखाली टेबल लावतो. तू येऊ नको, तुज्या बडबडीनं पोरीचं ध्यान जाईल."

माझा जीव भांड्यात पडला. घरी येताना एकदम आठवलं, सुषमाच्या माहेरीही बारा लूम होते. मी जागच्या जागी थांबलो.

"म्हणजे तुलाही...?"

"सोळा वर्षं," ती म्हणाली. "आमटी अळणी झाली तेही कळतं, माझी आई राहायला आली की काय म्हणता तेही कळतं. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा म्हणालात, 'फोटोत उंच वाटली होती.' तेही कळलं."

मी विचारलं, "मग तरी हार घातलास?"

"काय करणार? पान हलकं आलंय हे दिसत होतं," ती म्हणाली. "पण सगळा गाव मांडवात बसलेला. पॅक कसं म्हणू?"